जुनी सिनेमा थिएटरं राजवाड्यासारखी का बांधायचे?

निशाचर: अमेरिकेतल्या १९२० च्या दशकातल्या थिएटरांचे फोटो बघत बसलोय, झुंबरं काय, संगमरवरी जिने काय, एका ठिकाणी तर छतावर चक्क तारे! पिक्चर अंधारातच बघायचा ना, मग एवढा खर्च कशाला?

खिडकीजवळ: अरे त्याआधी सिनेमा म्हणजे निकलोडियन, दुकानाच्या गाळ्यात खुर्च्या मांडून पाच सेंटात खेळ, बरी घरची माणसं नाक मुरडायची. त्यांना आणायचं तर ऑपेरा हाऊसचा थाट हवाच. न्यूयॉर्कचं रॉक्सी (१९२७) तर जवळपास ६,००० सीटांचं. आणि लॉबी नुसती शोभेची नव्हती हं, आत शो चालू असताना पुढच्या शोची गर्दी थांबणार कुठे?

प्लास्टरप्रेमी: तारेवालं बहुतेक आर्किटेक्ट जॉन एबरसनच्या स्टाइलचं असणार, त्याला ॲटमॉस्फेरिक म्हणतात. घुमट साधा प्लास्टरचा, निळा रंगवलेला, त्यात बारीक बल्ब, वर मशीनच्या प्रकाशाने पाडलेले ढग, आणि बाजूच्या भिंती स्पॅनिश नाहीतर इटालियन अंगणासारख्या. गंमत म्हणजे भरगच्च नक्षीच्या छतापेक्षा हे स्वस्त पडायचं! ह्यूस्टनचं मॅजेस्टिक (१९२३) त्याचंच.

जुनाट: हॉलिवूडचं इजिप्शियन पण बघ. लोकांना वाटतं इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या थडग्यामुळे बांधलं, पण थिएटर उघडलं ऑक्टोबर १९२२ मध्ये आणि थडगं सापडलं नोव्हेंबरमध्ये 😄

निशाचर: भारीच! रॉक्सी आहे का अजून?

खिडकीजवळ: नाही रे, १९६० मध्ये पाडलं. शिकागो थिएटर (१९२१) मात्र उभंय, आता तिथे कॉन्सर्ट होतात.