मियू मिनी प्लस: दहा हजार गेम पुसून टाकले, आता बोला

सोल्डरची_तार

दिवाळीला मावसभाऊ सिंगापूरहून आला, त्याच्या बॅगेतून मियू मिनी प्लस आलं, जुने व्हिडिओ गेम खेळायचं हातात मावणारं यंत्र. अलीएक्सप्रेस आपल्याकडे २०२०च्या नोव्हेंबरपासून बंद, त्यामुळे असली खेळणी अजूनही पाहुण्यांच्या बॅगेतून येतात, पूर्वी कॅसिओची घड्याळं यायची तशी.

विकणाऱ्याने आत एक मेमरी कार्ड घातलं होतं. त्यावर म्हणे दहा हजार गेम. पहिल्या संध्याकाळी अर्धा तास ती यादी खाली ढकलत बसलो आणि एकही गेम न खेळता यंत्र ठेवून दिलं. लग्नाच्या बुफेत रिकामं ताट घेऊन फिरणाऱ्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी ते कार्ड पुसलं, ६४ जीबीचं चांगलं कार्ड आणलं आणि त्यावर ओनियन टाकलं. हौशी लोकांनी या यंत्रासाठी लिहिलेली, फुकट आणि सोर्स उघडा असलेली ही प्रणाली. बटण दाबून बंद केलं की गेम आहे तिथे थांबतो आणि परत चालू केलं की तिथूनच सुरू होतो. दादर आलं म्हणून घाईने उठावं लागतं तेव्हा याची किंमत कळते.

आत काय आहे म्हणाल तर फार काही नाही. १.२ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे दोन कोअर, १२८ एमबी रॅम (एमबीच, वाचण्यात चूक नाही), साडेतीन इंची पडदा, ३००० एमएएचची बॅटरी. अॅनालॉग स्टिक नाही, टीव्हीला जोडायची सोय नाही. पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत निवांत चालतं, त्यापुढे आशा धरू नका. पडदा ६४० बाय ४८०. निन्टेंडोच्या जुन्या गेमबॉयचं चित्र १६० बाय १४४, ते बरोबर तिप्पट करून बसतं आणि एकेक ठिपका कोरल्यासारखा दिसतो. गेमबॉय अॅडव्हान्सचं मात्र २४० बाय १६०. ते पडदाभर ताणायचं तर पावणेतीनपटीच्या जवळपास जातं, मग काही ठिपके जाड आणि काही बारीक. नजर बसली की चालतं, माझी बसली नाही.

आता मुद्द्याचं. मुलगी नववीत आहे. तिने मे महिन्यात लॅपटॉपवर जीबी स्टुडिओ (कोड न लिहिता गेमबॉयचे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) उतरवून एक गेम केला. घरून डबा घेऊन निघायचं, पिंपळावरची माकडं चुकवायची, शाळेत पोचायचं. माकडाने गाठलं की पडद्यावर ‘डबा सांडला!’ गेमबॉयचं सगळं चित्र ८ बाय ८ ठिपक्यांच्या फरश्यांचं. इंग्रजी अक्षर एका फरशीत मावतं. मराठी अक्षर मावत नाही. वर अनुस्वार, खाली उकार, त्यात ‘पिंपळ’ची वेलांटी. शेवटी तिने दोन मजली फरश्या केल्या आणि शिरोरेषा सगळ्या फरश्यांत एकाच ओळीवर ठेवली, म्हणजे शेजारी लावल्या की रेघ आपोआप जुळते. ती फाईल कार्डावर टाकली आणि यंत्राने ती काडीचाही प्रश्न न विचारता चालवली. ना परवाना, ना खातं, ना कुणाची मंजुरी. इतकं खुलं यंत्र.

म्हणून माझं म्हणणं असं: असलं यंत्र पारखताना किती गेम चालतात ते विचारू नका. घरात लिहिलेलं काही त्यावर चालतं का, ते विचारा.

कर्जत_लोकल

मुलीचं कौतुक. पण हे सगळं फोनवर होतं की हो. खिशातला फोन या डबीच्या कैकपट ताकदीचा. ब्लूटूथचा कंट्रोलर घ्या, एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) फुकट, पडदा मोठा. जीबी स्टुडिओचा गेम तर ब्राउझरमध्येसुद्धा चालतो, त्याला यंत्रच लागत नाही. १२८ एमबीची वस्तू परदेशातून मागवायची आणि मग तिच्या गरिबीचे गोडवे गायचे, हा छंद आहे, परीक्षण नाही.

सोल्डरची_तार

छंदच आहे, नाकारतोय कुठे! पण फोनवर मी खेळायला बसलो की चौथ्या मिनिटाला ऑफिसचा ग्रुप टुणटुणतो. आणि मुलीच्या हातात ‘गेम करून बघ’ म्हणून फोन दिला तर ती काय बघत बसेल हे तुम्हालाही ठाऊक आहे.

कलम_वाचणारी

मला मधलाच एक परिच्छेद खटकला. ‘पहिल्या प्लेस्टेशनपर्यंत निवांत चालतं.’ काय चालवून पाहिलंत? मुलीचा डबा प्लेस्टेशनवर नाही ना?

प्रताधिकार अधिनियम १९५७, कलम ५२(१)(एए) काढून बघा. संगणक प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर आहे, त्याला त्याच प्रतीवरून राखीव प्रत काढता येते. त्याच प्रतीवरून. माळ्यावर डिस्क पडलेली आहे म्हणून नेटवरून उतरवलेली फाईल त्यात बसवणं फार ओढाताणीचं आहे, आणि डिस्कच नसेल तर बोलायलाच नको. एम्युलेटर लिहिणं हा गुन्हा नाही, अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स खटल्यात २०००मध्येच ते बऱ्यापैकी स्पष्ट झालंय. पण २०२४मध्ये निन्टेंडो स्विचचा एम्युलेटर काढणाऱ्या युझूवाल्यांनी निन्टेंडोला २४ लाख डॉलर द्यायचं कबूल करून दुकान गुंडाळलं, तेही विसरू नका. होमब्रूचं, म्हणजे घरी लिहिलेल्या गेमचं, नाव पुढे करायचं आणि मागे चोरीचा माल चालवायचा, या यंत्रांचा सगळा बाजार त्यावरच उभा आहे. होमब्रूसाठी ही डबी घेणारे शंभरात किती असतील?

फुंकर_मारा

ताई, तुम्ही पुण्याच्या तापकीर गल्लीत लहानाच्या मोठ्या झाला नसणार. आमच्याकडे टीव्हीचा व्हिडिओ गेम होता, कॅसेटवर ‘९९९९९९ इन १’ लिहिलेलं. मोजून सात गेम, बाकी तेच वेगवेगळ्या नावांनी. कॅसेट चालली नाही की शर्टाने पुसायची, फुंकर मारायची, परत ठोकायची. तो डबाही नक्कल, कॅसेटही नक्कल. अख्खी पिढी चोरीच्या मालावर वाढली, त्याला आता कुठलं कलम लावणार? आमच्या गल्लीत दुसरं काही मिळतच नव्हतं.

कलम_वाचणारी

मिळत नव्हतं हे कारण आहे, हक्क नाही. शिवाय तेव्हा आपण दहा वर्षांचे होतो. आता आपण पगारदार आहोत आणि त्यातले बरेच गेम विकत मिळतात.

फुंकर_मारा

बरेच. सगळे नाही. आणि जे मिळतात ते दुसरं यंत्र घ्या, वर महिन्याची वर्गणी भरा, असे. असो, हरलो.

दोनशे_मेगाहर्ट्झ

धागा वाचून राहवलं नाही. ‘खुलं’ हा शब्द इथे फार स्वस्तात वापरलाय.

२००६ साली ऑफिसने दोन महिने कोरियात पाठवलं होतं, तिथून मी जीपी२एक्स आणला, असंच हातातलं गेमचं यंत्र. गेमपार्क होल्डिंग्जने २००५च्या नोव्हेंबरमध्ये काढलेला. २०० मेगाहर्ट्झचे दोन एआरएम कोअर, ६४ एमबी मेमरी, लिनक्स, आणि वीज म्हणाल तर दोन पेन्सिल सेल. साधे सेल टाकले तर बघता बघता बसायचे, चार्ज होणारे घेऊन फिरावं लागे. जॉयस्टिकची काठी इतकी बुटकी की तिरकं जायला अंगठ्याची कसरत. पण त्या कंपनीने यंत्र विकतानाच सांगितलं होतं, यावर तुम्ही लिहा. दुसऱ्या कोअरवर लिनक्स चालायचं नाही, तो नुसता पडून असायचा. पिकोड्राइव्ह या सेगा मेगाड्राइव्हच्या एम्युलेटरमध्ये नोटाझ नावाच्या पठ्ठ्याने आवाजाचं काम त्या बसलेल्या कोअरच्या गळ्यात बांधलं, आणि गेम पळायला लागले. त्या दिवशी मी खाटेवर बसून सेल संपेपर्यंत खेळलो होतो.

मग पँडोरा, त्याच जातीचं पुढचं यंत्र. २००८मध्ये लोकांनी आगाऊ पैसे भरले, पहिली यंत्रं निघाली २०१०च्या मेमध्ये. दीड वर्षाहून जास्त वाट. तरीही ते यंत्र वापरणाऱ्यांनी वापरणाऱ्यांसाठी केलेलं होतं. आणि तार, तुम्ही ज्या पीसीएसएक्स रीआर्म्ड या एम्युलेटरवर ‘निवांत’ प्लेस्टेशन चालवताय ना, ते त्याच पँडोरासाठी त्याच नोटाझने घडवलं. तुमची डबी त्या लोकांच्या रात्रींवर चालते.

आताच्या या जातीच्या बऱ्याच यंत्रांचं काय? आत लिनक्स, म्हणजे जीपीएल हा खुला परवाना, म्हणजे मागणाऱ्याला कर्नेलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) सोर्स द्यायलाच हवा. किती जण देतात? एसएनईएस९एक्स या सुपर निन्टेंडोच्या एम्युलेटरच्या परवान्यात धंद्यासाठी वापर नको असं सरळ लिहिलंय, तरी तो कार्डावर भरून विकला जातो. दाराला कुलूप लावायचा कंटाळा केला, त्याला तुम्ही पाहुणचार म्हणताय.

सोल्डरची_तार

पाहुणचार नाही हे मान्य. ओनियनवाल्यांनी दार उघडलं, बनवणाऱ्याने नाही, हेही मान्य. पण दादा, जीपी२एक्सवर लिहायला तुम्हाला सी भाषा यावी लागायची, टूलचेन (कोडचा चालणारा प्रोग्रॅम करणारी हत्यारं) जुळवावी लागायची. आमच्याकडे नववीतल्या पोरीने माऊसने केलं. यंत्र बनवणाऱ्याच्या हेतूपेक्षा ते मला जास्त खुलं वाटतं.

कलम ताई, प्लेस्टेशनचं तुम्ही बरोबर पकडलंत. माझ्याकडे दोन मूळ डिस्क आहेत, त्या लॅपटॉपच्या जुन्या ड्राइव्हवरून मीच काढल्या. तिसरा गेम पहिल्या दिवशी विकणाऱ्याच्या कार्डावरून चालवून बघितला होता. तो चोरीचाच.

कलम_वाचणारी

कबुली नोंदवली.

दोनशे_मेगाहर्ट्झ

माऊसने केलं म्हणून गेमबॉयची मर्यादा कुठे सुटली? ८ बाय ८ची फरशी आणि शिरोरेषा जुळवणं ही तीच झटापट आहे, जी आम्ही त्या दुसऱ्या कोअरशी करत होतो. पोरगीला सांगा, जीबी स्टुडिओत एका पार्श्वभूमीला १९२च वेगळ्या फरश्या चालतात. मराठी मजकूर वाढला की आधी तिथे अडकेल. तीच ती अक्षरं परत वापरायची सवय आतापासून लावा.

सोल्डरची_तार

अडकून झालंय. ‘मुख्याध्यापक’ हा शब्द तिने त्या पायीच काढून टाकला आणि ‘सर’ लिहिलं.

कर्जत_लोकल

ती फाईल कुठे मिळेल? माझं मत बदललेलं नाही, फक्त बघायचं आहे.

सोल्डरची_तार

व्यक्तिगत निरोपात पाठवली.

कर्जत_लोकल

फोनवर चालवली. मजा आली, पण तिसऱ्या पडद्यावर कुंपणावरची उडी काही केल्या बसत नाही. वीसदा डबा सांडला. आता म्हणाल, बघा, काचेवर बटणं नसतात ती अशी.

सोल्डरची_तार

नाही म्हणणार. तिला विचारलं, ती म्हणते कुंपण एक फरशी उंच लागलंय, आमच्या डबीवरही बसत नाही. फोनची चूक नाही.