शब्दचर्चा : 'कामाच्या मागण्या' की 'कामाचा रेटा'?

प्रश्न :
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्री (धातूचं ओतकाम) कामगारांसाठी कामाच्या ताणाची प्रश्नावली मराठीत आणायचं काम चाललंय. आलेल्या मसुद्यात 'जॉब डिमांड्स'साठी 'कामाच्या मागण्या', 'कंट्रोल'साठी 'नियंत्रण' आणि 'कोपिंग'साठी 'तणावाचा सामना' असं आहे. कोशात बघितलं तर तिन्ही बरोबर. पण मोल्डिंगमधल्या (साचे बनवण्याच्या विभागातल्या) एका मामांना 'तुमच्या कामाच्या मागण्या जास्त आहेत का?' असं विचारलं, तर ते म्हणाले, "मागण्या युनियननं दिल्यात की! पगारवाढीच्या." आता काय करावं?

प्रतिसाद (निवृत्त फोरमन, गोकुळ शिरगाव) :
मामांचं बरोबर आहे. कारखान्यात मागण्या कामगार करतो, काम नाही करत. आमच्याकडं म्हणायचे, "आज कामाचा लई रेटा हाय." भट्टी तयार, साचे अजून बंद व्हायचेत, वरनं डिस्पॅचचा फोन, हा रेटा. एक साहेब म्हणतो आधी हे काढ, दुसरा म्हणतो ते काढ, हाही रेट्यातच धरा. 'रेटा' घ्या.

प्रतिसाद (मानसशास्त्राच्या प्राध्यापक) :
'नियंत्रण' तर त्याहून घातक आहे. रॉबर्ट कारासेक यांनी 1979 मध्ये मांडलेल्या प्रारूपाचा गाभाच असा, की रेटा जास्त आणि कामात स्वतःचं चालतं कमी, तिथं ताण सगळ्यांत जास्त. इथं 'कंट्रोल' कामगाराच्या हातातला. पण 'तुमच्या कामावर नियंत्रण आहे का?' असं विचारलं की माणसाच्या डोळ्यांपुढं सुपरवायझर उभा राहतो. ज्याच्या डोक्यावर दिवसभर कुणीतरी उभं असतं तो ठामपणे 'हो, भरपूर' म्हणणार, आणि आपण त्याची नोंद सुखी माणसात करणार! 'काम कसं करायचं, कधी थांबायचं, यात तुमचं किती चालतं?' असं विचारा. 'चालणं' सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद :
'झेपतं का?' असं साधं विचारलं तर?

प्रतिसाद (फोरमन) :
नको. तालमीचं गाव आहे हे. 'झेपतंय का?' म्हटलं की गड्याला ते आव्हान वाटतं. पाठ मोडली असली तरी "झेपतंय की, न झेपायला काय झालं" असंच उत्तर मिळणार.

प्रतिसाद (प्राध्यापक) :
अगदी. म्हणून क्षमता विचारू नये, वारंवारता विचारावी. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांच्या 1983 च्या ताणमापनपट्टीत 'गेल्या महिन्यात किती वेळा असं वाटलं' असंच विचारलंय. त्यात कुणाचा कमीपणा निघत नाही.

आता 'सामना'. लाझारस आणि फोकमन यांच्या 1984 च्या मांडणीत कोपिंग म्हणजे माणूस ताणापायी जे काही करतो ते, जमो वा न जमो. 'सामना' म्हटला की हार-जीत आली, 'निभावणं' म्हटलं की निभावलंच असं गृहीत धरलं. मला दोन्ही मान्य नाहीत. चार्ल्स कार्व्हर यांच्या 1997 च्या 28 विधानांच्या छोट्या प्रश्नावलीत मदत मागणं, थट्टेवारी नेणं, प्रार्थना, दारू किंवा नशा, स्वतःला दोष देणं, सगळं एकाच रांगेत आहे. तेव्हा नाम शोधूच नका, 'डोकं कावलं की तुम्ही काय करता?' असं विचारा आणि खाली रंकाळ्यावर जाऊन बसण्यापासून तंबाखूचा बार भरण्यापर्यंत सगळं येऊ द्या. भलंबुरं ठरवणारा शब्द प्रश्नात आला, की दारूचं उत्तर कुणी देणार नाही.

प्रश्नकर्ता :
'रेटा' आणि 'तुमचं किती चालतं' घेतोय. 'डोकं कावलं' कोल्हापूर-सांगलीपुरतं ठेवतो, पुण्याच्या प्रतीत 'फार ताण आला की'. मसुदा उलट अनुवाद करून, म्हणजे मराठीतून परत इंग्रजीत नेऊन, तपासलेला होता, पण 'मागण्या' इंग्रजीत परत नेल्या की 'डिमांड्स'च होतात, त्यामुळं तो बिनबोभाट पास झाला. आता प्रत्येक प्रश्न पाळी सुटताना कामगारांना वाचून दाखवायचा आणि 'यात काय विचारलंय?' हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं ठरवलंय. कोअर शॉपमधल्या (साच्यात बसवायचे गाभे बनवण्याच्या विभागातल्या) बायकांना कारखान्याचा रेटा आणि घरचा रेटा वेगळा काढून सांगता येईल असं वाक्य अजून सापडलेलं नाही. कुणाला सुचलं तर जरूर लिहा.