मदत हवी आहे: पाळी गेल्यावर वाढलेलं वजन आणि स्तनाचा कर्करोग, आईला कसं समजावू?

डिचोलीहून लिहितेय. आई ५८ वर्षांची, पाळी जाऊन सात वर्षं झाली. तेव्हा ५६ किलो होती, आता ७१. उंची १५२ सेंमी, म्हणजे बीएमआय तिशीच्या वर. चवथीनंतर तिच्या सख्ख्या बहिणीला स्तनाचा कर्करोग निघाला. बांबोळीला ऑपरेशन झालं, केमो चालू आहे.

मावशी काडीसारखी. म्हणून आई म्हणते, "तिच्या अंगावर मांस नव्हतं तरी झाला, माझ्या वजनाचं काय घेऊन बसलीस?" इथे मला उत्तर सुचत नाही.

मी वाचलंय ते असं: पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन मुख्यतः बीजाशयातून येतं. नंतर ते थांबतं, पण चरबीतलं अरोमाटेज नावाचं एन्झाइम ते बनवतच राहतं. चरबी जास्त तर इस्ट्रोजेन जास्त, आणि स्तनातल्या बऱ्याच गाठी त्यावरच पोसतात. पाळी चालू असताना मात्र हे असं दिसत नाही.

आता या वयात वजन उतरवून उपयोग होतो का? गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही. दुपारचं शीत-हुमण (भात आणि माशांची आमटी) सोडणार नाही, आणि मलाही ते तोडवत नाही. शिवाय मॅमोग्राफीचं (स्तनांच्या एक्स-रे तपासणीचं) नाव काढलं की, "परक्या पुरुषासमोर ब्लाऊज काढणार नाही." कुणी करून घेतली असेल तर सांगा ना, आत बाई असते का?

सत्तरीकर: माझी झाली, यंत्रापाशी बाईच होती. तरी आधी फोन करून विचारा. २०२१ साली 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' मोहीम सुरू झाली तेव्हा आरोग्य केंद्रांतही फुकट तपासणी झाली होती, तिथल्या नर्सबाईंनाही विचारा.

मावशी बारीक होती म्हणून वजनाचा संबंध तुटत नाही. वय, घराणं, दारू, अशी कारणं वेगवेगळी असतात. सख्ख्या बहिणीला झाला की धोका साधारण दुप्पट धरतात, त्यात आईचं वजन. उतरवून उपयोग होतो: अमेरिकेतल्या परिचारिकांच्या २००६ साली आलेल्या अभ्यासात, पाळी गेल्यावर १० किलो किंवा जास्त उतरवून ते टिकवलेल्या आणि हार्मोनच्या गोळ्या न घेतलेल्या बायकांत हा कर्करोग बराच कमी दिसला. शीत राहू दे, अर्धी वाटी कमी वाढा. गुडघ्यांसाठी खुर्चीत बसून करायचे व्यायाम फिजिओकडून शिकून घ्या.

धागाकर्ती: आईला वाचून दाखवलं. अजून हो म्हणालेली नाही, पण "फोन करून विचार, बाई आहे का" एवढं म्हणाली. उद्या सकाळी लावते.