ट्रॅकच्या तोंडाशी लोखंडी पाइप: अडवायचं नक्की कोणाला?

पायडलवाला
नाशिकला गंगापूर रोडच्या आमच्या भागात चालणारे आणि सायकलवाले, सगळ्यांना मिळून एकच ट्रॅक. बाईकवाले शॉर्टकट मारतात म्हणून त्याच्या तोंडाशी एकाआड एक आडवे पाइप रोवलेत. सायकल उभी करा, मागचं चाक उचला, हँडल तिरकं करा, मग आत. यातून बाईक थांबणार कशी? स्प्लेंडरची रुंदी ७२० मिमी, अ‍ॅक्टिव्हा त्याहून अरुंद. माउंटन बाईकचं हँडल सर्रास ७२० ते ७८०. लांबीतही फार फरक नाही. म्हणजे स्प्लेंडर अडेल अशा फटीत सायकल आधी अडते.
माझं म्हणणं, पाइप काढा. उभे खांब लावा, मध्ये १.२ मीटर मोकळं सोडा. रिक्षा साधारण १.३ मीटर रुंद असते, ती आणि चारचाकी बाहेरच राहतील. बाईकला माणूस आणि दंड, दुसरं औषध नाही.

सकाळचीफेरी
दादा, गणित बरोबर असेल तुमचं. संध्याकाळी क्लास सुटायच्या वेळेला येऊन बघा एकदा. पाइप नव्हते तेव्हा पोरं ट्रिपल सीट, हॉर्न वाजवत आमच्या पाठीवर यायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने पटकन बाजूला व्हायचं कसं? आता बाईक उतरून ढकलावी लागते, चारचौघांत लाज वाटते, बरेच जण मागे फिरतात. तुम्हाला जरा उतरावं लागतं, त्याचा एवढा बाऊ?

पायडलवाला
काकू, मी उतरेन हो. ज्याला उतरताच येत नाही त्याने काय करायचं?

तीनचाकी
तो मीच. हाताने चालवायची तीनचाकी आहे माझी. मित्र आत फेरी मारतात, मी बाहेर टपरीवर चहा पितो. गंमत म्हणजे तिथे रॅम्प केलाय, अंधांसाठी पिवळ्या खडबडीत फरशा बसवल्यात, आणि त्या फरशा सरळ जाऊन पाइपलाच भिडतात. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, पण पाइप रोवणाऱ्याच्या हातात वेल्डिंग मशीन होतं, कायदा नव्हता.

गोल्फक्लबवाला
मुळात सायकली आत हव्यातच कशाला? २०१५ मध्ये आपल्या महाजन बंधूंनी रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून निम्म्या नाशिकला वाटतं, पुढचा नंबर आपला. कानात इअरफोन, वळणावर घंटी नाही, आणि आजोबांनाच वर ‘साइड, साइड’! बाईक नको तशी रेसिंग सायकलही नको. रस्त्यावर जा.

पायडलवाला
वेगात हाणणाऱ्यांना मीही शिव्या देतो. पण शाळेतल्या पोरांनी सायकल कुठे चालवायची, मुंबई-आग्रा हायवेवर? ब्रिटनमध्ये सस्ट्रान्स नावाच्या संस्थेने २०१८ मध्ये आपल्या देशभरच्या सायकलमार्गांवर तब्बल १६,००० अडथळे मोजले आणि ते हटवायचं ठरवलं. त्यांनाही हेच कळलं, अडकतात भलतेच.

गोल्फक्लबवाला
ब्रिटन राहू द्या. इथे सिग्नलला कोण थांबतं ते सांगा.

रामवाडीकर
एक मुद्दा सुटतोय. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की गोदाकाठच्या ट्रॅकवर पाणी येतं. आडव्या पाइपांत पाणवेली, प्लॅस्टिक, निर्माल्य सगळं अडकून बसतं. अँब्युलन्स आत न्यायची वेळ आली तर वेगळीच पंचाईत. उभा, कुलूप लावून काढता येणारा खांब बरा. किल्ली वॉचमनकडे.

सकाळचीफेरी
वॉचमन आहे कुठे पण? संध्याकाळी तिथे राखणीला चिटपाखरू नसतं. आधी माणूस बसवा, मग खुशाल पाइप काढा. तोवर मी काढू देणार नाही, आमच्या ग्रुपच्या सगळ्या बायका सोबत आहेत.

पायडलवाला
माणूस मिळेपर्यंत एक पाइप फूटभर तरी सरकवू. एवढं मान्य?

सकाळचीफेरी
फूटभर चालेल.

तीनचाकी
तुमचं जमलं, छान. फूटभराने माझी गाडी आत येत नाही. १.२ मीटर म्हणजे १.२ मीटर. टेप घेऊन रविवारी मीच येतो.