जावयाकडचे गिरणीवाले जोन्स: १८४१ च्या मागे कसं जायचं?

गिरणीवाल्यांची लेक (सांगली)

माझं माहेर तासगाव. वडिलांची पिठाची गिरणी होती, आधी इंजिनावर, मग मोटारीवर. गावात आमचं आडनाव कुणी घेतच नसे, आम्ही सगळे 'गिरणीवाल्यांचे'. थोरली लेक वेल्सला दिली आहे आणि जावयाच्या आजीकडचे लोकही पिढ्यान्‌पिढ्या गिरणीवाले निघाले, कार्डिगनशरमधल्या पाणचक्कीवरचे. हे कळलं तेव्हापासून मला चैन नाही. नात नऊ वर्षांची आहे. तिच्यासाठी दोन्हीकडची वंशावळ एका कागदावर लिहायची आहे.

आमच्या बाजूचं काम हेळव्यानं केलं, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवून गावोगाव फिरणाऱ्यानं. दोन वर्षांपूर्वी सुगी झाल्यावर तो बैल घेऊन भावाच्या दारात आला, अंगणात उभं राहून सात पिढ्या म्हणून दाखवल्या, कोणाला किती मुलगे, कोण कुठल्या गावाला गेला, सगळं. वहिनीनं सुपानं जोंधळे घातले आणि मी शेजारी बसून वहीत उतरवून घेतलं.

तिकडचं मात्र अडलं आहे. १८५१ च्या जनगणनेत माणूस सापडला: आडनाव जोन्स, धंदा मिलर, वय ५२, बायको, चार मुलं. १८४१ मध्ये त्याच गिरणीवर त्याच नावाचा माणूस आहे, पण वय ४० लिहिलंय. दहा वर्षांत बारा वर्षांनी म्हातारा कसा झाला? हा दुसराच कोणी तर नाही? आणि १७९९ च्या आसपासच्या बाप्तिस्म्यांत त्या नावाची तीन जोन्स मुलं आहेत, पण तिघांच्याही घराण्यांचा या गिरणीशी संबंध लागत नाही. वडील सापडले नाहीत तर पुढचं सगळं बंद. कोणी हे काम केलंय का?

कोरेगावकर, सध्या कार्डिफ

काकू, माणूस तोच आहे. १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती. ४२ चा माणूस ४० झाला. म्हणून १८५१ चंच वय धरा. शिवाय जन्माचं पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला गावभाग, १८५१ पासून लिहायला लागले, १८४१ मध्ये फक्त 'याच काउंटीतला आहे की नाही' एवढंच असे. त्यामुळे १८५१ चा कागद पुन्हा उघडा आणि शेवटचा रकाना नीट वाचा.

आता खरी अडचण. तुम्ही जोन्स वडील शोधताय आणि ते मिळणार नाहीत, कारण वडील जोन्स नसतीलच. वेल्समध्ये पूर्वी आडनाव ही चीजच नव्हती. मुलगा बापाचं नाव लावायचा, मध्ये 'आप' किंवा 'अब' घालून. ग्रामीण भागात ही पद्धत अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही टिकली. जोन्स म्हणजे जॉनचा. आप हॉवेलचं पॉवेल झालं, आप रीसचं प्राइस. तुमच्या माणसाच्या पिढीत आडनाव गोठलं असेल तर त्याच्या वडिलांचं पाळण्यातलं नाव जॉन, आणि मागे लावलेलं नाव आजोबांचं: इव्हान, थॉमस, काहीही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलाचं नुसतं नाव घ्या, वडील 'जॉन' धरा आणि आडनावाचा रकाना मोकळा सोडा.

आडनावाऐवजी गिरणीचा पाठलाग करा. वेल्श भाषेत गिरणी म्हणजे मेलिन, पण उपपदानंतर तिचं 'अ वेलिन' होतं आणि ते F नं लिहितात (y felin), म्हणून M आणि F दोन्हींनी शोधा. 'पांडी' असं नाव दिसलं तर ती धान्याची गिरणी नव्हे, लोकरीचं कापड कुटायची. १८१३ पासून बाप्तिस्म्याच्या छापील नोंदवह्या आल्या, त्यांत बापाचा धंदा आणि राहण्याचं ठिकाण असतं. तुमच्या माणसाच्या मुलांच्या नोंदी त्यातच मिळतील. कुटुंब चॅपलला, म्हणजे अधिकृत चर्चपासून वेगळ्या पंथाच्या प्रार्थनाघरात, जाणारं असेल तर बाप्तिस्मे तिकडे असू शकतात, पण १७५४ ते १८३७ मधली लग्नं बहुतेक सगळ्यांची पॅरिशच्या चर्चमध्येच झालेली, कायदाच तसा होता. लग्नाच्या नोंदीत वडिलांचं नाव १८३७ नंतरच येतं, त्याआधी साक्षीदारांच्या सह्या बघाव्या लागतात. अनेकदा त्यात भाऊ सापडतो.

१८३६ च्या टाइथ (चर्चला द्यायचा उत्पन्नाचा दहावा हिस्सा) कायद्यानंतर गावोगावचे नकाशे झाले. त्यांच्यासोबतच्या यादीत मालक कोण, वहिवाटदार कोण हे लिहिलेलं आहे. गिरणी सहसा जमीनदाराची असे आणि गिरणीवाला भाडेकरू. काही पट्टे 'तीन आयुष्यांचे' होते, म्हणजे पट्ट्यात नावं घातलेल्या तिघांपैकी शेवटचा हयात असेपर्यंत. ती नावं बहुधा घरातलीच असतात, त्यामुळे असा पट्टा हाती लागला तर घबाडच. १८५८ पूर्वीची मृत्युपत्रं अबेरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररीनं संकेतस्थळावर फुकट ठेवली आहेत. मी तिथूनच सुरुवात करेन.

मोडीवाचक, वाई

वरचं उत्तर वाचून राहवलं नाही. आपल्या जुन्या कागदांतही हेच आहे. मोडीत 'अमुक बिन तमुक' असंच येतं, बिन म्हणजे मुलगा. आडनाव कधी असतं, कधी नसतं, धंदा किंवा गाव असतो. आज आडनाव शोधत येणारी माणसं याच जागी अडतात. त्यांना मी सांगतो, आधी जमीन, विहीर, वाडा, देऊळ धरा, माणूस तिथेच सापडेल.

काकू, एक सुचवू का? हेळव्यानं सांगितलेल्या पिढ्या 'गाव नमुना १४' या नोंदवहीशी ताडून बघा. त्यात कोतवालानं लिहिलेल्या जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा. हेळव्याच्या तोंडून एखादी पिढी गळते, दोन भाऊ एक होतात. खोटं नसतं ते, पण कागद लावून बघावं.

गिरणीवाल्यांची लेक (सांगली)

कोरेगावकर, तुमचं उत्तर आलं त्या रात्री लेकीला व्हिडिओ कॉल लावून दोघी बसलो. पॅरिशचं नाव घालून मृत्युपत्रं एकेक उघडली. चौथं १८२८ सालचं. जॉन नावाच्या गिरणीवाल्याचं, त्याच गिरणीवरचं, आडनावाच्या जागी इव्हान. सहीच्या जागी फुली. धाकट्या मुलाला काय दिलं ते लिहिताना त्याचं पूर्ण नाव आहे आणि मागे जोन्स! लेक वाचत होती, तिचा आवाज चढला, नात अंथरुणातून उठून आली.

बाप्तिस्मा अजून हाती नाही, तो बघणार आहोत. पण मृत्युपत्रातल्या एका ओळीवर मी अडकले. गाय, पलंग, आणि 'मिल बिल्स'. लेकीला वाटलं कसली तरी बिलं, हिशेबाचे कागद. जावयानं शोधून सांगितलं, दगडाला खाचा पाडायचं पोलादी हत्यार.

अगं, ती टाकी! आमचे आप्पा दर आठ-दहा दिवसांनी वरचा दगड उचलून उलटा ठेवायचे आणि मांडी घालून टाकी मारत बसायचे, तास-दीड तास. पोलादाचे बारीक कण उडून त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांवर काळे ठिपके रुतले होते, शेवटपर्यंत निघाले नाहीत. लहानपणी मी ते मोजायची. त्यांची टाकी भावाच्या घरी देव्हाऱ्याखालच्या फडताळात आहे. तिचा फोटो उद्या तासगावला जाऊन काढते आणि जावयाला पाठवते. मोडीवाचक, अर्जाला ओळखपत्राची प्रत लागेल का, तेवढं कळवा.