मदत हवी आहे: रहिवाशांचे दात घासायला कर्मचाऱ्यांना शिकवलं, पण टिकत नाही

वृद्धांच्या निवासी केंद्रात मी परिचारिका-प्रमुख आहे. 42 रहिवासी, निम्म्याहून अधिक परावलंबी, काहींना स्मृतिभ्रंश. दोन महिन्यांपूर्वी दंतवैद्यांना बोलावून सगळ्या स्टाफसाठी दोन तासांचं शिबिर घेतलं. जबड्याचा मोठा प्लास्टिकचा नमुना, स्लाइड्स, शेवटी टाळ्या. पहिला आठवडा बरा गेला.

परवा रात्री साडेनऊला सहज फेरी मारली. तक्त्यावर सगळ्या रकान्यांत 'झालं' अशी खूण. ग्लासातले ब्रश बोटाने चाचपले, तर नऊपैकी सात कोरडे ठणठणीत. एका आजींची वरची कवळी काढली (किती दिवसांनी, देव जाणे) तर टाळू लालभडक आणि कवळीच्या आत पांढुरका चिकट थर.

ओरडणार होते, पण ड्युटीवरच्या मावशी म्हणाल्या, "ताई, आजी तोंडच उघडत नाहीत. जोर केला तर चावतात. आणि रक्त आलं की माझ्यावरच येणार ना?" याच मावशी दिवसातून दहा डायपर बदलतात, कपाळाला आठी नाही. पण दुसऱ्याची कवळी हातात घ्यायची म्हटलं की अंग चोरतात. हे शिबिरात कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही.

तर, शिकवलेलं टिकावं म्हणून काय करता? तोंड न उघडणाऱ्यांचं काय? आणि पोलीसगिरी न करता तपासायचं कसं?

दंतकथा:
पेशाने दंतवैद्य आहे, अशी शिबिरं मीही घेतली आहेत, त्यामुळे थोडा अपराधी वाटून लिहितोय. प्लास्टिकचा जबडा चावत नाही, हीच त्याची अडचण.

आधी रक्ताची भीती घालवा. हिरडीतून रक्त येतं ते बहुतेकदा कीटण साचून हिरडी सुजल्यामुळे, म्हणजे घासणं थांबवल्याने ती आणखी बिघडते. मऊ ब्रशने रोज घासलं की सहसा आठ-पंधरा दिवसांत कमी होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा रक्त थांबतच नसेल तर मात्र लगेच कळवायचं. हे वाक्य तुम्ही स्वतः, सगळ्यांसमोर म्हणा: "रक्त आलं म्हणून कुणाला बोल लागणार नाही."

बसवून घासा, हनुवटी किंचित खाली. मान मागे टाकली की फेस सरळ घशात. गिळायला त्रास असेल तर फेस न होणारी पेस्ट, तीही ब्रशवर नुसता लेप. 1350 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची घ्या. नंतर थुंकू द्या, चूळ भरायला लावू नका. दातांच्या मध्ये बोट कधीच नको. दुसऱ्या ब्रशच्या दांड्याने गाल बाजूला धरा. काडीवरच्या स्पंजने दात स्वच्छ निघत नाहीत, आणि चावला तर स्पंज सुटून घशात अडकू शकतो.

त्या आजींची टाळू डॉक्टरांना दाखवा, वर्णनावरून बुरशी वाटते. कवळी रात्री काढलीच पाहिजे. जपानमध्ये 85 वर्षांवरच्या 524 जणांच्या पाहणीत कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका दुपटीहून जास्त दिसला होता. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तरी फुटत नाही.

रात्रपाळी:
मी चौदा वर्षं अटेंडंट आहे. आम्हाला एकदाच खरं शिकवलं गेलं: दोघीदोघींच्या जोड्या लावल्या आणि एकमेकींचे दात घासायला लावले. तोंडात पाणी साचलंय, गिळता येत नाही, आणि समोरची म्हणतेय "अजून थोडं"! त्या दिवसानंतर माझा हात हलका झाला.

तोंड न उघडणाऱ्यांबद्दल. मागून जाऊन ब्रश तोंडाशी न्यायचा नाही. समोर, डोळ्याला डोळा भिडेल असं बसायचं, नाव घ्यायचं, ब्रश दाखवायचा. मग त्यांच्याच हातात ब्रश देऊन त्यावर आपला हात ठेवायचा. पुष्कळदा हाताला आठवतं, डोक्याला नाही. नसेल जमत तर त्यांना एक जुना ब्रश धरायला द्या, आपण दुसऱ्याने घासा. चिडले की सोडून द्यायचं, वीस मिनिटांनी दुसरी जाते. माझ्याकडे ओठ मिटून बसणारे एक आजोबा माझ्या जोडीदारणीला "आ" करून दाखवायचे. अपमान गिळायचा.

किळस वाटते हे खरं आहे. कबूल करायला मोकळीक द्या आणि चांगले हातमोजे द्या.

उगाचच_शंका:
सगळं छान, पण पाळीत माणसं किती? मनुष्यबळ नसेल तर तक्ते असेच भरणार.

काम फुकट नाही एवढं मात्र नक्की. जपानमधल्या 11 केंद्रांच्या दोन वर्षांच्या अभ्यासात (2002) तोंडाची काळजी घेतलेल्यांत 11 टक्क्यांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांत 19. पण अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या 14 केंद्रांत स्टाफला शिकवून पाहिलं (2020 चा पेपर), तिथे पहिल्या वर्षी दिसलेला फायदा दुसऱ्या वर्षी उरला नाही. तुमचा पहिला बरा आठवडा म्हणजे त्याचीच छोटी आवृत्ती. एकाच माणसाकडे ही जबाबदारी द्या आणि पाळीत त्याला त्यासाठी वेळ लिहून द्या.

तपासायला 'ओएचएटी' (तोंडाचं आरोग्य तपासायचा गुणतक्ता) पाहा. ओठ, जीभ, हिरड्या, लाळ, दात, कवळी, स्वच्छता, दुखणं अशा आठ गोष्टींना 0 ते 2 गुण. ब्रश चाचपण्यापेक्षा तोंडात पाहिलेलं बरं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. काल जोड्या लावून घासून पाहिलं. माझे दात ज्या मावशींनी घासले त्याच 'चावतात' म्हणणाऱ्या. मला उबळ आली, त्या पोट धरून हसल्या, आणि संध्याकाळी आपणहून आजींची कवळी काढून धुतली. आजींना डॉक्टरांनी बुरशीचंच औषध दिलं आहे. तक्ता फाडला, त्या आठ गोष्टींच्या गुणांचा कागद लावला. पाळीतला वेळ मात्र व्यवस्थापनाकडून अजून मिळालेला नाही, भांडण चालू आहे.

आता नवीन घोळ: रात्री सगळ्यांच्या कवळ्या काढल्या आणि सकाळी दोन आजोबांच्या अदलाबदल झाल्या. डबीवर नाव आहे, कवळीवर नाही. कवळीवर नाव टिकेल असं कुणी करून घेतलं आहे का?