मदत हवी आहे: चाळिशीनंतर ऑटिझमची तपासणी

नमस्कार. माझं वय ४३. मुलाच्या तपासणीत डॉक्टर एकेक प्रश्न विचारत होते आणि मला आठवत होतं ते माझंच लहानपण. आवाजाने जीव नकोसा होणं, ठरलेल्या गोष्टी बदलल्या की रडू फुटणं, सगळंच.

घरी ५० प्रश्नांची एक्यू चाचणी (प्रौढांमधली ऑटिझमची लक्षणं स्वतःच तपासायची प्रश्नावली) सोडवली. गुण ३८ आले. ३२ किंवा त्याहून जास्त असतील तर पुढे तपासणी करावी म्हणतात. ती फक्त चाळणी आहे, निदान नव्हे, हे मला ठाऊक आहे. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. दहा मिनिटांत उत्तर मिळालं, "तुम्ही नजरेला नजर देऊन बोलता, नोकरी करता, मग ऑटिझम कसा असेल?" मी समोरच्याच्या भुवयांकडे बघून बोलायला शिकले आहे, आणि घरी आल्यावर दोन तास अंधारात पडून राहते. २०१३ च्या डीएसएम-५ मध्येच (डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकन निकषांच्या पुस्तकात) लिहिलंय की शिकून घेतलेल्या सवयींमुळे लक्षणं झाकली जाऊ शकतात. तेव्हा मात्र मला बोलायलाच सुचलं नाही.

मोठी अडचण वेगळीच. लक्षणं लहानपणापासून होती हे दाखवावं लागतं, आणि माझे आईवडील हयात नाहीत. मोठी बहीण आहे, शाळेची काही प्रगतिपुस्तकं आहेत. तेवढं पुरतं का? मोठेपणी निदान झालेल्यांनी कृपया सांगा, तुम्ही काय लिहून नेलंत? आणि तज्ज्ञ प्रौढांची तपासणी करतात का, हे आधी कसं विचारलंत? फोनवर बोलणं मला फार जड जातं.